सहा मिनिटांची परीक्षा

२०२१ सालचा एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट ठाणे जिल्ह्यात ऐन भरात होती. रुग्णालयांत खाट मिळणे अवघड झाले होते आणि ज्यांची लक्षणे सौम्य होती त्यांनी घरीच वेगळे राहावे, असे सांगितले जात होते. त्या दिवसांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या असंख्य घरांत एक प्रयोग चालू होता. आजारी माणूस बोटाला चिमट्यासारखे एक छोटे यंत्र लावी, त्यावरचा आकडा कागदावर लिही, मग खोलीच्या या भिंतीपासून त्या दारापर्यंत सहा मिनिटे येरझाऱ्या घाली आणि पुन्हा आकडा पाही. घरातली इतर माणसे दाराबाहेरून विचारीत, "किती आला?"

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानेच ही चाचणी घरी करायला सांगितली होती. सपाट जमिनीवर, फार भरभर नाही आणि फार सावकाशही नाही, असे सहा मिनिटे चालायचे. जिना चढायचा नाही. साठीच्या पुढच्या माणसांनी तीन मिनिटे चालले तरी चालेल. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला, सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तीनाहून जास्त उतरला, किंवा दम लागला, तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा.

त्या वेळी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. बसलेल्या माणसाचा आकडा ९६ येतो आहे, म्हणजे त्याच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे. मग तापाने थकलेल्या माणसाला उठवून चालायला का लावायचे?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या इतिहासात एका गुरूचा आणि त्याच्या शिष्याचा वाद आहे, एक उंच पर्वत आहे, एक काचेची खोली आहे आणि एक विषारी वायूही आहे. आणि त्यातली दोन पाने आपल्या महाराष्ट्रातली आहेत, एक लोणावळ्याचे आणि एक परळचे. हा इतिहास आपण क्रमाने पाहू.

दार केवढे आणि भिंत केवढी

आधी फुफ्फुसाची थोडी उजळणी करू. श्वासनलिकेच्या फांद्या फुटत फुटत शेवटी वायुकोशांपर्यंत पोचतात. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले, तर साधारण बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील. वायुकोशातली हवा आणि भोवतालच्या केशवाहिन्यांतले रक्त यांच्यामधली भिंत एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असते. या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन लागतो. तोच माणूस धावू लागला की ही गरज तीन लिटरपर्यंत जाते; मुरलेल्या धावपटूत पाच लिटरच्याही पुढे. म्हणजे तेच फुफ्फुस, तीच भिंत, आणि काम मात्र दहा-बारा पट! डोंबिवली स्टेशनचा पूल सकाळच्या घाईत चढणारा प्रत्येक जण रोज ही करामत थोड्या प्रमाणात करून दाखवतो.

हे जमते कसे? ऑक्सिजन त्या भिंतीतून आपला आपण झिरपतो, की फुफ्फुस त्याला जोर लावून आत ढकलते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरक्रियाशास्त्रात हा सर्वांत मोठा वादाचा प्रश्न होता.

गुरू आणि शिष्य

कोपनहेगनला ख्रिश्चन बोर नावाचे नामवंत प्राध्यापक होते. अणूच्या रचनेमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत आलेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. ख्रिश्चन बोर यांचे मत असे होते, की फुफ्फुस ही एक प्रकारची ग्रंथीच आहे. लाळेची ग्रंथी जशी लाळ स्रवते, तसे फुफ्फुस ऑक्सिजन रक्तात स्रवते. हे मत अगदीच हवेतले नव्हते. खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दाबाने साठवलेला असतो, हे ठाऊक होते. माशाला जमते ते माणसाच्या फुफ्फुसाला का जमू नये? शिवाय बोर यांच्या काही मोजमापांत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा जास्त आलेला होता. पाणी खालून वर चढलेले दिसले, तर पंप आहे असेच आपण म्हणणार.

बोर यांच्या प्रयोगशाळेत ऑगस्ट क्रोग हे त्यांचे सहायक होते. सुरुवातीला त्यांनाही गुरूचे मत पटलेले होते. पण मोजमापाबद्दल ते अतिशय काटेकोर. त्यांनी एक नाजूक उपकरण तयार केले. त्यात वाहत्या रक्ताच्या संपर्कात हवेचा एक इवलासा बुडबुडा ठेवायचा. थोड्याच वेळात बुडबुड्यातल्या वायूंचा दाब रक्तातल्या वायूंच्या दाबाएवढा होतो. मग तो बुडबुडा केसासारख्या बारीक काचनळीत ओढून त्याची लांबी मोजायची, त्यातला एकेक वायू शोषून घ्यायचा आणि बुडबुडा किती आखडला ते पाहायचे. क्रोग आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मारी क्रोग यांनी या पद्धतीने प्राण्यांवर एकामागून एक प्रयोग केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले. रक्तातला ऑक्सिजनचा दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा कमीच असतो. पाणी उतारावरूनच वाहत होते. पंपाची गरजच नव्हती.

१९१० साली क्रोग यांनी या विषयावरचे सात निबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. आपसांत ते त्यांना 'सात छोटी भुते' म्हणत. शिष्याने गुरूचा सिद्धान्त जाहीरपणे खोडून काढायचा, हे त्यांना सोपे गेले नसावे. निबंधात त्यांनी लिहिले, की काही महत्त्वाच्या मुद्द्यांवर आपल्याला आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध जावे लागते आहे. पण आपण त्यांचे ऋणी आहोत, आणि गेल्या वीस वर्षांत या विषयात जी प्रगती झाली ती मुख्यतः त्यांच्याच श्रमांमुळे झाली आहे. शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. गुरूचा मान आणि मोजमापाचा मान हे दोन्ही एकाच पानावर राखता येतात. ख्रिश्चन बोर पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये वारले. ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

पर्वत आणि काचेची खोली

वाद मात्र संपला नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे जॉन स्कॉट हाल्डेन हे स्रवणाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. भारतीय नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला शेवटचे दिवस काढणाऱ्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील. ते म्हणत, की स्वस्थ बसलेल्या माणसात ऑक्सिजन झिरपत असेलही. पण जेव्हा निकड येते, म्हणजे कष्ट करताना किंवा विरळ हवेत, तेव्हा फुफ्फुस स्रवणाला लागते. ते सिद्ध करायला १९११ साली ते सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच पर्वताच्या माथ्यावर जाऊन राहिले. तिथल्या मोजमापांवरून रक्तातला ऑक्सिजनचा दाब वायुकोशापेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्यांची रीत आडवळणाची होती. रोहिणीतले रक्त त्यांनी प्रत्यक्ष काढून तपासले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हाल्डेन यांचे उत्तर चुकले, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. फुफ्फुसाची खरी परीक्षा निवांतपणी होत नाही, निकडीच्या वेळी होते, हे त्यांनी ओळखले होते.

ते आव्हान केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी स्वीकारले. १९२० साली ते एका हवाबंद काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले. खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन कमी कमी करत नेला, इतका की शेवटी ते जणू पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर बसलेले होते. अखेरच्या दिवशी त्यांच्या मनगटाची रोहिणी उघडून त्यातून सरळ रक्त घेण्यात आले, बसलेले असतानाही आणि कष्टाचे काम करतानाही. ते रक्त काळपट होते. वायुकोशातल्या हवेशी बरोबरी करू शकेल एवढाही ऑक्सिजन त्यात नव्हता. मग जास्त असण्याची गोष्टच सोडा. श्रमाच्या निकडीतही फुफ्फुसाने काही स्रवले नव्हते. पुढे १९२१-२२ मध्ये पेरू देशातल्या सेरो दे पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या खाणींच्या गावी आगगाडीच्या डब्यात प्रयोगशाळा थाटून त्यांनी हेच पुन्हा पडताळून पाहिले. हाल्डेन यांनी मात्र अखेरपर्यंत आपले मत सोडले नाही. विज्ञानातही माणसेच काम करतात.

विषारी वायूची मोजपट्टी

ऑक्सिजन नुसताच झिरपतो हे ठरले. मग पुढचा प्रश्न येतो: एका मिनिटाला किती झिरपू शकतो? श्रमाची गरज तेवढ्याने भागेल का? हे मोजायची युक्ती मारी क्रोग यांनी १९१५ साली प्रसिद्ध केली.

ऑक्सिजनने हे मोजणे कठीण असते. रक्त भिंतीजवळून जाता जाता ऑक्सिजनने भरत जाते, तसा भिंतीच्या दोन बाजूंमधला दाबाचा उतार क्षणोक्षणी बदलतो. मारी यांनी त्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड वापरला. हा विषारी वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. त्यामुळे रक्तात गेलेला वायू परत दाब म्हणून उरतच नाही. उतार जवळजवळ कायम राहतो. अगदी अत्यल्प प्रमाणात हा वायू मिसळलेली हवा श्वासात घ्यायची, काही सेकंद रोखायची आणि सोडलेल्या श्वासात किती शिल्लक राहिला ते पाहायचे. जेवढा नाहीसा झाला तेवढा भिंतीतून पार झाला. ज्या वायूने खाणकामगारांचे जीव घेतले, तोच तिच्या हातात मोजपट्टी बनला. आजही मोठ्या रुग्णालयांत फुफ्फुसाची विसरणक्षमता मोजतात ती याच तत्त्वावर, साधारण दहा सेकंद श्वास रोखून. (वर्गात हा प्रयोग अर्थातच करायचा नाही.)

या मोजमापांतून दोन गोष्टी कळल्या. एक, निरोगी फुफ्फुसाची विसरणक्षमता गरजेपेक्षा भरपूर मोठी असते. दुसरी, श्रमाच्या वेळी ती आणखी वाढते. कष्टाच्या कामात बसलेल्या स्थितीच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते. कारण असे, की स्वस्थ बसलेले असताना फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या पुष्कळ केशवाहिन्या जवळजवळ मिटलेल्या असतात. श्रमात रक्ताचा जोर वाढला की त्या उघडतात, रुंदावतात आणि देवाणघेवाणीची जागा वाढते.

पाऊण सेकंदाचा थांबा

आता आपल्या मूळ प्रश्नाची किल्ली हाती येते. १९४५ साली केंब्रिजच्याच रफटन यांनी हिशोब मांडला, की रक्तातली तांबडी पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिनीत किती वेळ असते. उत्तर आले सुमारे पाऊण सेकंद. श्रमाच्या वेळी हृदय मिनिटाला पाचाऐवजी वीस-पंचवीस लिटर रक्त ढकलू लागते आणि हा वेळ एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास उरतो. निरोगी माणसात तांबडी पेशी ऑक्सिजनने भरायला जेमतेम पाव सेकंद पुरतो. म्हणून धावतानाही तिचे काम पुरे होते.

हे आपल्या लोकल गाडीवरून सहज समजेल. समजा, गाडी फलाटावर तीस सेकंद थांबते आणि सगळे प्रवासी दहा सेकंदांत चढतात. वीस सेकंद हाताशी राहतात. आता डब्याचे एक दार अडकले आणि चढायला वीस सेकंद लागू लागले. दुपारच्या निवांत वेळी कुणाला काही कळणारही नाही, कारण गाडी तीस सेकंद थांबते आहे. डबा भरूनच निघतो. पण घाईच्या वेळी गाड्या पाठोपाठ येऊ लागल्या आणि थांबा दहा-बारा सेकंदांवर आला, की अडकलेले दार उघडे पडते. निम्मे प्रवासी फलाटावर आणि गाडी अर्धी रिकामी.

न्यूमोनियात वायुकोशांची भिंत सुजते, काही वायुकोश पाण्याने भरतात, काही भागांत हवा पोचते पण रक्त नीट पोचत नाही, तर काहींत उलटे होते. प्रत्यक्षातला बिघाड एकट्या दाराचा नसतो. या सगळ्यांची बेरीज असते. तरी निष्कर्ष तोच. बसलेल्या माणसाचे फुफ्फुस आपल्या शिलकीवर निभावून नेते आणि आकडा ९६ दाखवते. सहा मिनिटे चालवले की शिल्लक किती उरली आहे ते दिसते.

लोणावळ्याचे मोजमाप

आता आपल्याकडच्या एका पानाकडे वळू. कल्याणहून कर्जतमार्गे पुण्याला जाणारी गाडी घाट चढून लोणावळ्याला पोचते. तिथे १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ते काही काळ अमळनेरला शिक्षक होते. योगाभ्यासाने शरीरात काय घडते हे परंपरेच्या आधारावर सांगून न थांबता उपकरणांनी मोजायचे, हा त्यांचा ध्यास होता. लोणावळ्याला येण्यापूर्वीच त्यांनी बडोद्याला उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला होता. संस्थेबरोबरच त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि त्यात आपले प्रयोग छापले.

आपल्याकडे एक समज फार जुना आहे. प्राणायामात खोल श्वास घेतल्याने शरीरात पुष्कळ प्राणवायू शिरतो आणि म्हणून तो हितकारक. 'प्राणवायू' या शब्दानेही हा घोटाळा वाढवला असावा. योगातला 'प्राण' आणि रसायनातला ऑक्सिजन एकच, असे वाटू लागते. एखाद्या योगाश्रमाच्या चालकाला हा समज सोयीचाच होता. कुवलयानंदांनी तो सोयीचा म्हणून स्वीकारला नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्राणायामाच्या वेळी किती ऑक्सिजन घेतला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो याची मोजमापे केली. प्राणायामात साध्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन शरीरात जातो, हे त्या मोजमापांत टिकले नाही. प्राणायामाचे महत्त्व ऑक्सिजनच्या प्रमाणात शोधू नये, असे त्यांनी स्वच्छ मांडले.

असे का, ते आता आपण सांगू शकतो. निरोगी माणसाच्या रोहिणीतले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. भरलेल्या घागरीवर नळ मोठा सोडला म्हणून तिच्यात जास्त पाणी मावत नाही. शरीर किती ऑक्सिजन घेणार हे श्वासाच्या खोलीवर ठरत नाही. पेशींनी किती खर्च केला यावर ठरते. कुवलयानंदांकडे योग शिकून गेलेले आणि अमेरिकेत येल विद्यापीठात संशोधन करणारे के. टी. बेहानन यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांत ऑक्सिजनचा खर्च वाढलेला आढळला: उज्जायीत सुमारे २४ टक्के, भस्त्रिकेत १८ आणि कपालभातीत १२. त्यांचे पुस्तक १९३७ साली आले. या वाढीचा अर्थ फुफ्फुसाने जास्त ऑक्सिजन खेचला असा लावायचे कारण नाही. श्वसनाच्या स्नायूंना कष्ट पडले की त्यांचा खर्च वाढणारच. चालण्याने जे होते तेच येथे लहान प्रमाणात होते.

२०२१ च्या त्या दिवसांत या गोष्टीला जिवाचे मोल आले. खोल श्वास घेऊन यंत्रावरचा आकडा एखाद्या-दुसऱ्या अंशाने वर आला, की अनेकांना हायसे वाटे. आजारी फुफ्फुसात खोल श्वासाने, पालथे झोपल्याने काही मिटलेले वायुकोश उघडतात आणि थोडी मदत होतेही. पण त्या वाढलेल्या आकड्यावर विसंबून चालण्याची चाचणी टाळली, तर शिल्लक किती आहे हे कळायचे राहून जाते.

परळची तपासणी

दुसरे पान दुःखद आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला विषारी वायूची गळती झाली. त्या वायूने होरपळलेल्या ११३ जणांची तपासणी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीला व नंतर तीन महिन्यांपर्यंत केली आणि ती १९८५ साली प्रसिद्ध केली. कामत हे मुंबईच्या हवेतल्या प्रदूषणाचा माणसांच्या फुफ्फुसांवर होणारा परिणाम मोजणारे डॉक्टर म्हणून आधीच ओळखले जात होते.

त्या तपासणीत जे दिसले ते शिकण्यासारखे आहे. सुरुवातीला रुग्णांच्या फुफ्फुसातली ऑक्सिजनची देवाणघेवाण बिघडलेली होती. तीन महिन्यांत ती सुधारली. पण जोराने फुंकून किती हवा बाहेर पडते, ती किती वेगाने पडते, हे मोजणाऱ्या चाचणीचे आकडे त्याच काळात खालावले. म्हणजे एक मोजमाप म्हणत होते, रुग्ण बरा होतो आहे. दुसरे म्हणत होते, नाही.

दोन्ही मोजमापे खरी होती, कारण ती वेगळ्या गोष्टी मोजत होती. भाता किती मोठा आणि किती मोकळा, हे फुंकण्याची चाचणी सांगते. भिंतीतून ऑक्सिजन किती नीट पार होतो, हे तिला कळत नाही. त्यासाठी रक्तातला ऑक्सिजन पाहावा लागतो, आणि तोही श्रमाच्या वेळी पाहिला तर अधिक कळते. फुफ्फुसाची तब्येत एका आकड्यात मावत नाही. नुकसानभरपाईसाठी एखाद्या कामगाराला 'धडधाकट' किंवा 'अपंग' ठरवताना कोणती चाचणी केली हा प्रश्न म्हणूनच कागदोपत्री तपशिलाचा राहत नाही. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवली या रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांना तो जवळचा आहे.

बोटावरचा चिमटा

आता राहिले ते यंत्र. रोहिणीत सुई न खुपसता रक्तातला ऑक्सिजन कसा कळतो? ऑक्सिजनने भरलेले रक्त लालभडक आणि रिकामे रक्त काळपट असते, हे बारक्रॉफ्ट यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हाच रंगातला फरक यंत्राने मोजायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाच्या पाळीला लावायचे असे यंत्र बनवले. पण त्यात कातडी, स्नायू आणि निळांमधले रक्त यांचाही रंग मिसळे.

जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्यावर उपाय काढला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर फक्त रोहिणीतले रक्त कमीजास्त होते. कातडी आणि हाड तसेच राहतात. मग प्रकाशातला जेवढा भाग नाडीबरोबर थरथरतो तेवढाच विचारात घ्यायचा. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत ही थरथर किती आहे याचे गुणोत्तर काढले, की रक्त किती टक्के भरलेले आहे ते कळते. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोचत होते त्याच सुमारास.

यंत्राला मर्यादाही आहेत. बोटे गार असली, नखांना रंग लावलेला असला, हात हलत असला तर आकडा चुकतो. काळ्या वर्णाच्या माणसांत हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, असे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. आपल्या देशाला हे विसरून चालणार नाही. म्हणूनही एका आकड्यापेक्षा त्याच माणसाच्या दोन आकड्यांमधला फरक, बसल्याचा आणि चालल्याचा, अधिक बोलका ठरतो.

आणि सहा मिनिटे कुठून आली? १९६८ साली अमेरिकी हवाई दलातल्या केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याची दमछाक मोजायची रीत रूढ केली. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये जुनाट खोकल्याच्या रुग्णांना बारा मिनिटे चालवून पाहिले. बारा मिनिटे आजाऱ्यांना फार होतात, म्हणून १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना झाली आणि सहा मिनिटे सोयीची ठरली. महागडी उपकरणे नको, फक्त सपाट जागा आणि घड्याळ हवे. म्हणून ती जगभर पसरली आणि अखेर आपल्या दोन खोल्यांच्या घरात आली.

वर्गात करण्यासाठी

आठवी ते दहावीच्या वर्गात हा उपक्रम करता येईल. एका विद्यार्थ्याने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. त्याची नाडी, मिनिटातले श्वास आणि ऑक्सिमीटरचा आकडा फळ्यावर लिहावा. मग त्याने शाळेचा जिना मध्यम वेगाने दोनदा चढून-उतरून यावे आणि हात स्थिर ठेवून हीच तीन मापे लगेच पुन्हा घ्यावीत. ज्यांना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना जिना चढायला लावू नये. कुणाचा आकडा अनपेक्षित आला तर तो वर्गासमोर चर्चेचा विषय करू नये. पालकांना वेगळे सांगावे. हा उपक्रम शिकण्यासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही.

बहुतेक वेळा असे दिसेल, की नाडी पुष्कळ वाढली, श्वास वाढले, मुलगा धापा टाकतो आहे. पण तिसरा आकडा ९७ चा ९७. मुलांना विचारावे: रक्तातला ऑक्सिजन कमी झालाच नाही, तर मग धाप का लागली? बरीच मुले 'ऑक्सिजन कमी पडला म्हणून' असेच उत्तर आधी देतील आणि मग फळ्यावरच्या आकड्याकडे पाहून थबकतील.

त्यांना तिथे थोडा वेळ थबकू द्यावे. मग सांगावे, की हाच प्रश्न हाल्डेन यांनीही सोडवला होता, प्रीस्टली यांच्याबरोबर, १९०५ साली. श्वासाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो, ऑक्सिजन नव्हे. ज्यांचे एक मत चुकले त्याच माणसाचे हे दुसरे मत आजवर टिकून आहे. आणि एखाद्या मुलाच्या घरी २०२१ सालचा तो कागद अजून जपून ठेवलेला असेल, दोन रकान्यांचा, 'बसून' आणि 'चालून' असे वर लिहिलेला, तर तो घरच्यांना विचारून वर्गात आणायला सांगावे.